पॉवर बँकेतील भारण-नियामक मंडल आणि घाटाखालचा उन्हाळा

बुलढाणा जिल्ह्याचे ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असे जे दोन भाग लोकव्यवहारात मानले जातात, ते केवळ बोलण्याच्या सोयीचे नाहीत. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले बुलढाणा, चिखली, मेहकर हे तालुके आणि पूर्णेच्या खोऱ्यातील मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव हे तालुके ह्यांच्या उन्हाळ्यात मोठे अंतर आहे. घाटाखाली एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ४३ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढणे नवलाचे नसते. ह्या अंतराचा पिकांवर व पाण्यावर काय परिणाम होतो ह्याची चर्चा पुष्कळ झालेली आहे. प्रस्तुत लेखात त्याच अंतराचा संबंध एका अगदी लहान वस्तूशी, म्हणजे पॉवर बँकेच्या पोटात असलेल्या बोटभर सर्किट बोर्डाशी, कसा पोहोचतो हे पाहावयाचे आहे. आषाढीसाठी शेगावहून पंढरपूरला पायी निघालेल्या वारकऱ्याच्या पिशवीत, रात्रीच्या पाळीने पाणी देणाऱ्या शेतकऱ्याच्या खिशात आणि समृद्धी महामार्गावरून जाणाऱ्या मोटारीच्या कप्प्यात ही वस्तू आज सारखीच आढळते. तिच्या गुणदोषांचा विचार मात्र सहसा बाहेरच्या आवरणावरील आकड्यापुरताच होतो.

प्रथम त्या आकड्याचाच निकाल लावून टाकू. ‘१०,००० मिलिअँपिअर-तास’ असे लिहिलेल्या पॉवर बँकेतून फोनला तेवढा भार मिळत नाही, ह्यात नेहमीच फसवणूक असते असे नाही. आकडा ३.७ व्होल्ट दाबाच्या घटांचा असतो. म्हणजे साठा ३७ वॅट-तासांचा. तोच साठा ५ व्होल्टला चढवून दिला म्हणजे ७,४०० मिलिअँपिअर-तास होतात, आणि चढवण्याच्या क्रियेत दहावा हिस्सा उष्णतेच्या रूपाने गेला की सुमारे ६,६०० उरतात. हा दहावा हिस्सा जातो कोठे हा प्रश्न लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

लिथियम-आयन घट १९९१ साली जपानमध्ये बाजारात आला, आणि २०१९ साली गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो ह्यांना त्याबद्दल रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ह्या घटाचा स्वभाव शिसे-अम्ल घटाहून अगदी वेगळा आहे. मोटारीतील शिसे-अम्ल घटमालेस थोडे अधिक भारण झाले तर पाण्याचे विघटन होऊन वायू निघतो, आणि घट तो अतिरेक सोसून घेतो. लिथियम-आयन घटापाशी अशी पळवाट नाही. नेहमीच्या प्रकारच्या घटात ४.२ व्होल्टच्या वर दाब नेला म्हणजे धनाग्राची जडणघडण ढासळू लागते व विद्युत् विच्छेद्याचे ऑक्सिडीकरण होते. ऋणाग्रावर जे पातळ संरक्षक पटल असते ते तापमान शंभर अंशांच्या आसपास गेले की विघटित होऊ लागते. त्यातून अधिक उष्णता निघते, आणि पुढची प्रक्रिया स्वतःच स्वतःस पेटवीत जाते. म्हणून ह्या घटाचे भारण एखाद्या नियामकाच्या हाती सोपवावेच लागते. घटात जी शहाणीव नाही ती बोर्डाने पुरवावयाची, असा हा करार आहे.

बोर्डाचे काम वरवर साधे आहे. घट फार रिकामा असेल तर प्रथम अगदी थोडा प्रवाह द्यावयाचा. मग दाब ४.२ व्होल्टपर्यंत चढेतो प्रवाह स्थिर ठेवावयाचा. त्यानंतर दाब स्थिर ठेवून प्रवाह आपोआप उतरू द्यावयाचा. आणि तो दहाव्या हिश्श्यावर आला की भारण बंद करावयाचे. आपल्या प्रयोगशाळांत व दुरुस्तीच्या दुकानांत सर्वांत परिचित असलेले टीपी ४०५६ हे आठ पायांचे संकलित मंडल हेच करते. घटाचा दाब २.९ व्होल्टच्या खाली असेतो ते दहावा हिस्सा प्रवाह देते, आणि त्याच्या दुसऱ्या पायास जोडलेल्या रोधकाने पूर्ण प्रवाह ठरतो. १,२०० ला रोधाच्या ओहमने भागले की प्रवाह अँपिअरमध्ये मिळतो, १.२ किलोओहमला एक अँपिअर. ४.२ व्होल्टची मर्यादा ते दीड टक्क्याच्या आत सांभाळते. इतक्या स्वस्त वस्तूत इतकी नेमकी मर्यादा मिळावी, ही गोष्ट तीस वर्षांपूर्वी कोणास खरी वाटली नसती.

परंतु हे मंडल रेखीय पद्धतीचे आहे. म्हणजे ५ व्होल्टचा पुरवठा आणि घटाचा दाब ह्यांतील फरक ते केवळ जाळून टाकते. घट ३.७ व्होल्टवर असताना एक अँपिअरला १.३ वॅट, आणि घट ३ व्होल्टवर असताना २ वॅट एवढी उष्णता तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढ्या तुकड्यातून बाहेर पडते. अर्थात मंडल तापते. ते अतिशय तापले, शंभर अंशांच्याही बरेच वर गेले, म्हणजे त्यातील अंतर्गत योजना प्रवाह आपोआप कमी करते. जाहिरातीतून ‘उष्णतेपासून संरक्षण’ असे जे म्हटलेले असते ते पुष्कळदा एवढेच असते. येथे विद्यार्थ्यांनी क्षणभर थांबून विचारावे की हे संरक्षण कोणाचे? मंडल येथे स्वतःस वाचवीत आहे. शेजारी दोन सेंटिमीटरवर असलेला घट ५० अंशांवर आहे की ६०, ह्याची त्यास काही खबर नाही.

त्याच बोर्डावर दुसरा एक पहारेकरी असतो: डीडब्ल्यू ०१ नावाचे मंडल आणि त्याच्या हुकमाने चालणारी ८२०५ ही मॉस्फेटांची जोडी. जोडी लागते, कारण एकट्या मॉस्फेटच्या अंगातच एक डायोड असतो व तो एका दिशेचा प्रवाह अडवू देत नाही; दोन मॉस्फेट उलटसुलट जोडले की दोन्ही दिशा अडवता येतात. घटाचा दाब सुमारे ४.३ व्होल्टच्या वर गेला किंवा २.४ च्या खाली आला की हा पहारेकरी मार्ग तोडतो. प्रवाह मोजण्याची त्याची तऱ्हा मोठी काटकसरीची आहे. वेगळा मापक रोधक न ठेवता तो मॉस्फेटांच्या स्वतःच्या रोधावर पडणारा दाबच पाहतो. प्रत्येकी २५ मिलिओहम धरले तर दोहोंचे ५०. पहारेकऱ्याचा उंबरठा १५० मिलिव्होल्ट. म्हणून मर्यादा सुमारे ३ अँपिअर. मॉस्फेट तापला की त्याचा रोध वाढतो व ही मर्यादा थोडी खाली येते. म्हणजे उष्णतेचा अल्पसा परिणाम येथे अनायासे सुरक्षिततेच्या बाजूने होतो. परंतु तो योगायोग होय, योजना नव्हे. घटाचे तापमान ह्याही पहारेकऱ्यास कळत नाही.

असे असूनही टीपी ४०५६ च्या रचनाकारांनी ह्या गोष्टीचा विसर पडू दिलेला नव्हता. त्याचा पहिलाच पाय तापमानासाठी राखलेला आहे. त्या पायावरील दाब पुरवठ्याच्या ४५ टक्क्यांच्या खाली गेला किंवा ८० टक्क्यांच्या वर गेला तर भारण थांबते. घटास थर्मिस्टर चिकटवून दोन रोधकांच्या मदतीने तो ह्या पायास जोडला की घट फार तापल्यास अथवा गोठल्यास भारण आपोआप बंद पडावे, अशी ही सोय आहे. ज्यास ही सोय नको असेल त्याने पाय भूमीस जोडावा, असेही माहितीपत्रकात सांगितलेले आहे. बाजारात जे तयार निळे बोर्ड मिळतात त्यांवर हा पहिला पाय भूमीस जोडूनच टाकलेला असतो. जी सवलत अपवाद म्हणून दिली होती तिचाच नियम झाला.

पॉवर बँकेत अधिक प्रचलित असलेल्या आयपी ५३०६ ह्या मंडलाची गोष्ट आणखी बोलकी आहे. ते रेखीय नाही. वेटोळ्याच्या साहाय्याने दाब उतरवते व चढवते, भारण २.१ अँपिअरपर्यंत आणि पुरवठा २.४ अँपिअरपर्यंत करते, आणि वायाही थोडेच घालवते. त्यासही आठच पाय आहेत. त्यांपैकी तीन पाय किती भार उरला हे दाखविणाऱ्या दिव्यांना दिले आहेत, एक बटणाला. घटाच्या तापमानास एकही नाही. अधिक पायांच्या, अधिक किमतीच्या मंडलांत ती सोय असते. परंतु ग्राहकास दिवे दिसतात आणि थर्मिस्टर दिसत नाही, हे व्यापाराचे गणित समजण्यासारखे आहे.

ह्या उणिवेची किंमत घाटाखाली किती पडते, ह्याचा एक ढोबळ हिशेब मांडून पाहू. १४ सेंटिमीटर लांब, ७ रुंद व दीड जाड अशी पॉवर बँक घ्या. तिचे पृष्ठफळ सुमारे २६० चौरस सेंटिमीटर. ती गादीवर वा सतरंजीवर ठेवलेली असेल तर खालची बाजू निरुपयोगी झाली. उरले सुमारे १६० चौरस सेंटिमीटर. स्थिर हवेत संनयन व प्रारण मिळून दर चौरस मीटरला दर अंशास १० वॅट उष्णता जाते असे धरले, तर एका अंशाच्या फरकास ०.१६ वॅट. आता ५ व्होल्ट व २ अँपिअर म्हणजे १० वॅटने भारण चालू आहे आणि दहावा हिस्सा बोर्डावर उष्णता होतो. घटांच्या अंतर्गत रोधात होणारी उष्णता त्यात मिळवली म्हणजे एकूण १.२ वॅटच्या आसपास. भागाकार केला की साडेसात अंशांची वाढ येते. घाटावर खोलीत ३६ अंश असतील तर घट साडेत्रेचाळीस अंशांवर स्थिरावेल. खामगावात पत्र्याच्या छपराखाली ४२ अंश असतील तर साडेएकोणपन्नास अंशांवर. बहुतेक घटांस भारणाची नेहमीची वरची मर्यादा ४५ अंशांची सांगितलेली असते. बोर्ड तोच, घट तेच, भारणाचा प्रवाहही तोच. राजूर घाट उतरला की मर्यादा ओलांडली जाते.

लगेच आग लागेल असे ह्याचा अर्थ नव्हे. पन्नास अंशांवर भारण केलेला घट बहुधा निमूटपणे काम करील. त्याचे नुकसान हळूहळू होते. ऋणाग्रावरील पटल जाड होत जाते, वापरण्याजोगे लिथियम त्यात अडकते, अंतर्गत रोध वाढतो, वायू धरून घट फुगतो. वाढलेल्या रोधामुळे पुढच्या वेळी उष्णता अधिक, आणि ते चक्र चालू राहते. दर दहा अंशांना रासायनिक क्रियेचा वेग सुमारे दुप्पट होतो, हा स्थूल नियम येथेही मार्गदर्शक ठरतो. घटात मुळातच एखादा निर्मितिदोष असेल, विलगकारक पटलात धातूचा कण अडकलेला असेल, तर मात्र हेच तापमान हळूहळू होणाऱ्या नुकसानीचे अकस्मात दुर्घटनेत रूपांतर करू शकते.

मग तापमानाचा पाय जोडून ४५ अंशांवर भारण तोडून टाकावे, हे उत्तर सुचते. शास्त्रदृष्ट्या ते निर्दोष आहे आणि व्यवहारात टिकणारे नाही. घाटाखाली मे महिन्याच्या दुपारी असा प्रामाणिक बोर्ड भारण करण्यास सरळ नकार देईल; ग्राहक तो बिघडलेला समजून परत करील, आणि जो बोर्ड काहीच पाहत नाही तो ‘चांगला चालणारा’ ठरेल. आंधळा बोर्ड बाजारात का जिंकतो ह्याचे कारण त्याच्या किमतीत थोडे आहे आणि ह्या नकारात अधिक आहे, असे आमचे मत आहे. म्हणून रचनाकारापुढील खरा प्रश्न तोडण्याचा नसून उतरण्याचा आहे. जपानमधील इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या व घट-उत्पादकांच्या संघटनांनी २००७ साली मांडीवरच्या संगणकांच्या घटांसाठी जी मार्गदर्शिका काढली तिचे सार हेच आहे: १० ते ४५ अंशांत पूर्ण भारण, त्याच्या वर, ६० अंशांपर्यंत, प्रवाह व दाब दोन्ही उतरवून भारण, आणि त्यापुढे बंद. दाब ४.२ ऐवजी ४.१ व्होल्टवर थांबविला तर साठ्याचा सुमारे दहावा भाग सोडावा लागतो. पण उष्णतेत पूर्ण भरलेला घट जितक्या वेगाने झिजतो तितका अपुरा भरलेला झिजत नाही. वैशाखात नऊ दशांश भरलेली पॉवर बँक कोणी परत करावयास नेणार नाही.

तूर्त ज्यांच्या हाती टीपी ४०५६ चाच बोर्ड आहे अशा प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी पहिल्या पायाचे गणित येथे देतो. थर्मिस्टर २५ अंशांवर १० किलोओहमचा व बीटा ३,४३५ चा धरू. त्याचा रोध शून्य अंशावर सुमारे २८.७ किलोओहम व ४५ अंशांवर ४.८५ किलोओहम येतो. पुरवठ्यापासून पहिल्या पायापर्यंत एक रोधक, आणि पायापासून भूमीपर्यंत थर्मिस्टर व त्यास समांतर दुसरा रोधक अशी मांडणी करावी. शून्य अंशावर गुणोत्तर ०.८० व ४५ अंशांवर ०.४५ आले पाहिजे. ह्या दोन समीकरणांतून पहिला रोधक ५.६७ व दुसरा सुमारे १०८ किलोओहम मिळतो. बाजारात मिळणारे ५.६ व १०० किलोओहम घेतले तर गुणोत्तरे ०.७९९ व ०.४५२ अशी येतात, म्हणजे तोडण्याची मर्यादा ४५ अंशांच्या किंचित वर जाते. दोन रोधक, एक थर्मिस्टर आणि सोल्डरिंगची सुई अलगद लावून उचललेला एक पाय, एवढ्यात आंधळ्या बोर्डास दृष्टी येते. प्रवाह उतरविण्याची पायरी ह्यात नाही; ती हवी असेल तर दुसऱ्या पायावरील रोधक तापमानानुसार बदलणारे एखादे तुलनाकारक मंडल जोडावे लागेल. दाबाची पायरी मात्र ह्या मंडलात शक्यच नाही, कारण ४.२ व्होल्टचा आकडा त्याच्या आतच कोरलेला आहे.

थर्मिस्टर बसवावयाचा तो घटाच्या मध्यभागी, अंगास चिकटवून. बोर्डावर बसविला तर तो वेटोळ्याचे व मंडलाचे तापमान सांगेल. ही चूक तयार मालातही आढळते. दुरुस्तीच्या दुकानांत तिच्याहून वाईट एक प्रथा आहे. घट बदलताना थर्मिस्टरच्या तारा तुटल्या की बोर्ड भारण नाकारतो. मग त्या जागी १० किलोओहमचा साधा रोधक लावून दिला जातो. बोर्ड पुन्हा सुरू होतो, दिवे लागतात, गिऱ्हाईक खूष होते. त्या बोर्डाच्या लेखी मात्र त्या दिवसापासून बाराही महिने, चोवीसही तास, बाहेर २५ अंश सेल्सिअस असतात!

आपल्याकडे पॉवर बँक २०१४ च्या अधिसूचनेने भारतीय मानक विभागाच्या अनिवार्य नोंदणीखाली आली, आणि तिच्यातील घटांसही स्वतंत्र नोंदणी लागते. विजेच्या दुचाकींच्या बाबतीत पाऊल पुढे पडले ते प्रत्यक्ष आगी पाहून. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली विजेची स्कूटर पेटली, त्याच सुमारास इतरत्रही तसे घडले, आणि त्यानंतर एआयएस १५६ ह्या वाहनमानकातील घटमालेच्या अटी १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत कडक करण्यात आल्या. घटमालेच्या व्यवस्थापन-मंडलाने अतितापापासून रक्षण करावे, ही त्यांतील एक अट. खिशातल्या घटास मांडीखालच्या घटाहून कमी जपावे असे रसायनशास्त्रात कोठे सांगितलेले नाही.

आता राहिला जम्प स्टार्टर, म्हणजे मोटारीची घटमाला उतरली असता इंजिन चालू करून देणारी हातातली पेटी. पॉवर बँकेत घट समांतर असतात; येथे ते एकसर जोडलेले, नेहमीच्या प्रकारात तीन. त्यांचा पूर्ण दाब १२.६ व्होल्ट. तीन घट एकसर असले की केवळ एकूण दाब पाहून भागत नाही, कारण १२.६ ही बेरीज ४.२ त्रिवार अशीही होते आणि ४.४, ४.१, ४.१ अशीही. म्हणून बोर्डाने प्रत्येक घट वेगळा मोजून, पुढे गेलेल्या घटाचा थोडा प्रवाह रोधकातून वळवून, तिघांस एका पातळीवर ठेवावे लागते. ६२ ओहमचा रोधक लावला तर ४.२ व्होल्टला हा वळविलेला प्रवाह जेमतेम ६८ मिलिअँपिअर असतो. समतोल साधण्यास तास लागतात. इंजिन फिरविताना शेकडो अँपिअर वाहतात. ते पूर्वी सांगितलेल्या ८२०५ सारख्या जोडीतून जाणे शक्य नसते. म्हणून जाड मार्ग वेगळा ठेवून त्याचे नियंत्रण चिमट्याच्या डबीतील रिले अथवा मोठ्या मॉस्फेटांकडे दिलेले असते. उलट जोडणी, लघुमंडल व परत येणारा प्रवाह अडविणे हे त्या डबीचे काम होय.

ह्यांपैकी परत येणाऱ्या प्रवाहाकडे सर्वांत कमी लक्ष जाते. इंजिन सुरू होताच मोटारीचा अल्टरनेटर दाब १४.४ व्होल्टच्या आसपास नेऊ लागतो. चिमटे तसेच राहिले आणि डबीत अडथळा नसला, तर तोच दाब तीन घटांच्या पेटीवर येतो: प्रत्येकी ४.८ व्होल्ट. भारणाचा बोर्ड ह्या मार्गावर नसतोच, म्हणून त्याची सारी दक्षता येथे व्यर्थ आहे. इंजिन लागताच चिमटे काढावेत ही सूचना छापलेली असते, पण रात्री मेहकरजवळ महामार्गाच्या कडेला मोटार बंद पडलेल्या माणसाने ती त्या घटकेस वाचावी अशी अपेक्षा करणे कठीण.

शिवाय जम्प स्टार्टरची दिनचर्याच घटाच्या आरोग्याविरुद्ध आहे. वेळेस उपयोगी पडावा म्हणून तो पूर्ण भरून ठेवावयाचा, आणि ठेवावयाचा तो उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत. बाहेर ४३ अंश असताना काचा लावलेल्या मोटारीच्या आत ६० अंशांच्या वर जाणे सहज शक्य आहे. तेथे भारण चालू नसल्याने कोणताही बोर्ड काही करू शकत नाही; फार तर पेटीत तापमान पाहून भार थोडा उतरवून ठेवणारी योजना करता येईल, जशी काही महागड्या घटमालांत असते. त्यापेक्षा घटच बदलणे अधिक सरळ दिसते. १९९७ साली पाढी, नंजुंडस्वामी व गुडइनफ ह्यांनी पुढे आणलेल्या लिथियम-लोह-फॉस्फेट द्रव्याचा घट उष्णता पुष्कळ अधिक सोसतो. त्याचा पूर्ण दाब ३.६५ व्होल्ट; चार एकसर जोडले म्हणजे १४.६ व्होल्ट, अर्थात अल्टरनेटरच्या १४.४ च्या वर. चिमटे विसरले तरी अतिभारण होत नाही. वजन थोडे वाढते, आणि भारणाचा बोर्ड ३.६५ व्होल्टसाठी बांधलेला वेगळा लागतो, ४.२ व्होल्टचा जुना बोर्ड ह्या घटांस लावणे घातक ठरेल. थर्मिस्टर मात्र त्या बोर्डावरही लागतोच, आणि तोही घटाच्या अंगास चिकटवूनच.